गोळ्यावरची बोटं

"मावशी, दोन किलो मैदा मळून द्याल?"

मुल्लाबाई शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी डाळ निवडत होते. मान वर न करताच म्हटलं, "देते की. पुऱ्या करायच्या का शंकरपाळ्या?"

"दोन्ही नाही. मुलांना खेळायला पाहिजे."

मी सूप खाली ठेवलं. "खेळायला? बाई, पीठ हाय त्ये! आमच्यात पिठाचा कण सांडला तर उचलून कपाळाला लावत्यात, आन् तुम्ही पोरांना खेळायला देणार? उद्या दुधानं फरशी पुसाल."

बाई हसल्या. जूनमध्येच बदलून आल्या होत्या. हडकुळी अंगकाठी, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र खणखणीत. पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र बसायचा, तो त्यांच्याकडे होता.

"बेंदराला पोरं मातीचे बैल करतात, तेव्हा नाही ओरडत तुम्ही."

"ती माती!"

"आणि आषाढाच्या आवसेला पिठाचे दिवे करता, ते?"

"ते उकडून तुपाशी खातो आम्ही. हितं कोण खाणार? तुम्ही?"

बाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. हळू आवाजात म्हणाल्या, "मातीच आणणार होते मी. पण माती खरखरीत असते. मयुरीच्या हाताला सोसायची नाही."

मी पिशवी ओढून घेतली आणि परात पुसायला लागले.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी शालन, आमच्या वाडीच्या शाळेत खिचडी शिजवायचे. सगळी पोरं मला मावशी म्हणायची. एकटी मयुरी सोडून. ती मला काहीच म्हणायची नाही. वर्षभर स्वयंपाकखोलीच्या अंगाला ती फिरकलीच नव्हती. तिचं ताट दुसरी पोरगी घेऊन जायची.

आदल्या श्रावणात ती पहिलीत होती. आमटीचं पातेलं मी चुलीवरून उतरवत होते आणि तोंडानं दारातल्या कुत्र्याला शिव्या देत होते. ती पाटी दाखवायला पळत आली, ती मला दिसलीच नाही. पातेलं कलंडलं. तिचा उजवा हात मनगटापर्यंत उकळत्या आमटीत गेला. तिला उचलून मी फाट्यापर्यंत पळाले, जीप थांबवली, मागून धावत आलेल्या तिच्या आईला बसवलं आणि पोरीला तिच्या मांडीवर दिलं. पाच आठवडे पोर मिरजेच्या दवाखान्यात होती. कातडी भरून आली, पण बोटं आत वळली ती वळलीच. मूठ उघडेना. डॉक्टर म्हणाले, रोज बोटं ताणा. ताणायला गेलं की पोर अशी किंचाळायची की आईलाच घेरी यायची.

मी महिनाभर घरात बसून राहिले. गाव म्हणालं, तोंड लपवून बसली. म्हणू देत, म्हटलं. मयुरीचा बाप सर्जेराव निदान चार शिव्या घालून मोकळा झाला. आई मंगल मात्र काहीच बोलली नाही. पाणवठ्यावर मी दिसले की कळशी अर्धीच भरून निघून जायची. त्या शिव्या परवडल्या हो.

आता मयुरी दुसरीत होती. उजवा हात सदा फ्रॉकच्या खिशात. डाव्या हातानं पाटीवर रेघ ओढली तर घरी बाप ओरडायचा, "डाव्या हातानं कुठं सरस्वती लिवत्यात व्हय?" मग तिनं तेही सोडलं. नुसती बसून राहायची. सर्जेरावानं हेडगुरुजींना सांगून टाकलं होतं, "दिवाळीपातूर बघतो. न्हाई लिवलं तर घरी ठेवतो. धाकट्याला तरी सांभाळंल." दिवाळीला चार महिने होते.

तर मी मैदा मळला. बाईंनी सांगितलं तसं मूठभर जास्तीचं मीठ, पळीभर तेल. एकाला हळद लावली, एकाला बिटाचं पाणी, एकाला पालकाचं. तेवीस पोरांचे तेवीस गोळे केले आणि परातीतून वर्गात नेऊन दिले. दिले म्हणजे दारातूनच. आत मयुरी होती.

पण माझा स्वभाव चौकस. मी परत फिरल्यासारखं केलं आणि जाळीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. बघू तरी अन्नाची काय नासाडी चाललीय!

पोरं शेवया वळत होती. वळलेल्या शेवया वाकवून बाई अक्षरं करून घेत होत्या. जी पोरं पाटीवर 'ग' काढताना रडकुंडीला यायची, ती शेवईचा 'ग' करून त्यावर बोट फिरवत होती आणि एकमेकांना दाखवून नाचत होती. दोन दिवसांनी बाईंनी गोळ्याच्या भाकरी करायला लावल्या. एक भाकरी चौघांत वाटा. मग सगळे तुकडे परत गोळा करा. शिर्क्यांचा पोरगा हुज्जत घालायला लागला, "भाकरी मोठी हुती, गोळा ल्हान झाला!" अर्धा वर्ग त्याच्या बाजूनं, अर्धा उलट. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पोरांनी दहादा चपटं केलं, दहादा गोळा केला, आणि शेवटी तोच शिर्क्यांचा म्हणाला, "तेवढंच हाय की रं! नुसतं पसरलंय."

अगं बाई, हे गणित होतं होय! चाळीस वर्षं मी चतकोर आणि अर्धी मोडत आले, पण तेच पुस्तकात जाऊन बसलंय हे मला मेल्यांनी कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि डोंगराचं तर विचारूच नका. पोरांनी जुन्या फळ्यावर पिठाची आपली वाडी केली, मागं डोंगर केला. बाईंनी डोंगरावर पेलाभर पाणी ओतलं. पाणी वळसे घेत खाली आलं आणि जिथं देवळाची विहीर तिथंच जाऊन साचलं. मग एक चिमुरडी म्हणाली, "म्हणून हीर तितं खणली व्हय!" माझ्या सासऱ्यानं वरच्या माळाला चार पुरुस, चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढा खोल खड्डा मारून कोरडा सोडला होता. सात वर्षांच्या पोरीला पेलाभर पाण्यात कळलं ते त्या माणसाला सहा महिने सुरुंग लावून कळलं नाही. त्या दिवसापासून नासाडीचं बोलणं मी बंद केलं.

उरलेलं पीठ मी गुपचूप घरी नेऊन म्हशीला घालायचे. टाकवत नव्हतं. म्हशीनं मिठापायी दोन बादल्या जास्त पाणी प्यायलं, तेव्हा मालक म्हणाले, "हिला काय झालंय?" म्हटलं, "शाळा शिकतीय."

पण ज्या पोरीसाठी हे सगळं चाललं होतं, ती गोळ्याला हात लावत नव्हती. गोळा समोर, हात खिशात. तीन आठवडे असेच गेले.

एक दिवस बाई स्वयंपाकखोलीत आल्या. "मावशी, तुम्ही प्रत्येक गोळ्यावर चार बोटं का दाबता?"

"आता हे काय इचारणं झालं? बोडका गोळा कधी ठेवू न्हाई. पिंडासारखा दिसतो. मेलेल्याला देत्यात तसला. जित्या माणसाचं पीठ असलं की त्यावर बोटं उमटवायची. माझ्या आयेनं शिकवलं, तिला तिच्या आयेनं."

"तुमची बोटं," बाई म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर. आवाज करू नका."

खिडकीतून बघितलं. पोरं बैल करण्यात दंग होती. मयुरीनं इकडं तिकडं बघितलं, खिशातून उजवा हात हळूच काढला. लालगुलाबी, चुरगळलेली कातडी. मी तो हात वर्षात पहिल्यांदा बघत होते. तिनं तो हात गोळ्यावर ठेवला आणि माझ्या बोटांच्या खळग्यांत आपली बोटं बसवायला लागली. पहिल्या बोटाचं टोक बसलं. बाकीची आतच. ती जरा दाबायची, ओठ चावायची, थांबायची. पुन्हा दाबायची.

"आठ दिवस हेच चाललंय," बाई कुजबुजल्या. "गोळा मोडत नाही ती. खळगे शोधते."

"पण का?"

"मला काय माहीत? मी विचारलं तर हात परत खिशात जाईल."

मी स्वयंपाकखोलीत आले आणि कधी नव्हे ती चुलीपुढं बसून राहिले. डॉक्टरला जमलं नाही, आईला जमलं नाही, आणि ही पोर आपली आपणच बोटं ताणत होती, तेही हूं की चूं न करता! एवढं बळ तिला कुणी दिलं असेल? मी उठले, दोन्ही हात जोडले आणि कोण असेल त्याला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवसापासून मी एक कावा केला. बाईंनाही सांगितला नाही. मयुरीचा गोळा वेगळा मळायचा, कोमट पाण्यात, कानाच्या पाळीसारखा मऊ. खळगे जवळजवळ आणि उथळ दाबायचे, तिला पोचतील असे. ते चारही भरले की तिळभर लांब दाबायचे. पुन्हा भरले की पुन्हा तिळभर लांब. संध्याकाळी परातीत गोळे परत आले की आधी तिचा गोळा शोधायचे आणि खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. माझ्या मोठ्या खळग्याच्या तळाशी इवलासा दुसरा खळगा. आज दोन. आज तीन. एकदा तिसऱ्यात नखाची कोरसुद्धा उमटली होती. मी एकटीच त्या खोलीत हसले आणि एकटीच रडले. नखाची कोर म्हणजे बोट उभं राहिलं होतं हो!

मग माझीच हाव नडली. दसरा जवळ आला, दिवाळीची धास्ती वाटायला लागली आणि मी एकदम बोटभर लांब दाबलं. पोरीनं ताणलं. कातडी चिरली, गोळा रक्तानं लाल झाला. रक्त बघून वर्गात रडारड.

मंगल धावत आली. पोरीचा हात पदरात घेऊन अंगणात उभी राहिली आणि बाईंना म्हणाली, माझ्याकडं न बघता, "बाई, गोळं कोण करतं?"

बाई काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी."

"पुन्यांदा हिचाच हात लागला व्हय माझ्या पोरीला?" एवढंच म्हणून ती निघून गेली. वर्षभरात माझ्याविषयी बोललेला तिचा पहिला शब्द तो. खोटा कुठं होता?

दोन दिवस मयुरी आली नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून आली. मी गोळे केले. बावीस गोळ्यांवर बोटं दाबली आणि तेविसाव्यावर हात थांबला. नको. पुन्हा माझा हात नको. जन्मात पहिल्यांदा मी गोळा बोडका ठेवला आणि वर्गाच्या दारात परात देऊन तोंड फिरवून आले.

खिचडीला फोडणी देत होते. मागं कुणीतरी उभं आहे असं वाटलं. बघते तर मयुरी, स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यावर. दोन्ही हातांत तो गुळगुळीत गोळा धरलेला.

"मावशी," ती म्हणाली, "बोटं इसरलासा."

फोडणी जळाली. मी म्हटलं, "नगं गं पोरी. दुखतंय तुला."

"दुखतंय," ती म्हणाली. "उमटवा की."

तिनं गोळा पुढं केला. मी चार बोटं दाबली, जवळजवळ, अगदी हलकी. तिनं गोळा फिरवून बघितला, हुंकार दिला आणि गेली. बाजारात वांगी पारखून घ्यावीत तसा तो हुंकार! त्या दिवशी खिचडीला करपट वास येतो म्हणून हेडगुरुजी मला बोलले, तर मी हसले त्यांच्या तोंडावर.

त्यानंतर रोज ती स्वतः गोळा न्यायला यायची. बोलायची काही नाही. मी तिळभराचा हिशेब पुन्हा धरला, आता घाई न करता. ती शेवया वळायला लागली, आधी तळव्यानं, मग बोटांनी. पण पेन्सिल? बाईंनी विचारलंच नाही. पेन्सिल दिसली की तो हात खिशात जायचा. आणि दिवाळी तर आठ दिवसांवर आली.

सुट्टीच्या आदल्या दिवशी पालकसभा होती. पोरांनी त्या जुन्या फळ्यावर पुन्हा सगळी वाडी केली होती, या वेळी माणसांसकट. बाईंनी सांगितलं होतं, आपल्या वाडीतलं एक माणूस करा आणि त्याच्याविषयी बोला. कुणी पोस्टमन केला होता, कुणी न्हावी, कुणी स्वतःची आजी. मी मागं चहाचे कप भरत होते. सर्जेराव दाराला टेकून उभा, "आटपा लवकर" अशा तोंडानं. मंगल बायकांत बसलेली.

मयुरीची पाळी आली. तिनं शाळेपासून फाट्यापर्यंतचा रस्ता केला होता, वळणं, ओढा, बाभळ सगळं जागच्या जागी. रस्त्यावर एक बाई पळत होती. लुगड्याचा सोगा मागं उडालेला, कडेवर एवढंसं पोर. आणि त्या बाईचे हात! अंगापेक्षा मोठे, फुगलेले, भोपळ्यासारखे.

पालक हसले. बाईंनी विचारलं, "कोण गं ही?"

"शालनमावशी."

हसणं थांबलं. माझ्या हातातल्या किटलीतून चहा खाली सांडायला लागला.

"आणि हात एवढे मोठे का?"

मयुरीनं मान खाली घातली. मला वाटलं आता गप्प होईल. पण ती बोलली, त्या फळ्याकडं बघतच बोलली. "आमटी माज्या हाताला चिकाटली हुती. मावशीनं हातानंच निपटून काढली. तिचं बी हात भाजलं. फाट्यापातूर मला उचलून पळाली. जीपमदी ठेवलं तवा असं फुगलं हुतं हात. मी बगितलं."

ती फळ्यावर आणखी वाकली.

"हे बोट तर वाकडंच ऱ्हायलं तिचं." तिनं पिठाच्या त्या मोठ्या हाताच्या तिसऱ्या बोटाला हात लावला. "गोळ्यावर वाकडं उमटतंय रोज. माज्यागत. मावशी त्या बोटानं बी पीठ मळती. मग मी म्हटलं, माजं बी व्हईल."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मालकांना म्हणाले होते, तव्याचा चटका बसला. महिनाभर कोरफड लावून घरात बसले, ती काही नुसतं तोंड लपवायला नाही. हाताला पाणीसुद्धा सोसत नव्हतं. पण ज्या पोरीचा हात माझ्यामुळं गेला, तिच्या दारात जाऊन माझाही भाजला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? मळताना तेवढं सोडायचे, एरवी हाताला कायम फडकं, कुणाला दिसलं नाही. गावातल्या एका माणसाला दिसलं नाही, आणि या पोरीला पिठात रोज दिसत होतं! मी खळगे दाबत होते त्यात ती बोटं ताणत होती असं मी समजत होते. ती माझं वाकडं बोट वाचत होती.

हेडगुरुजींना काय बुद्धी झाली कोण जाणे, ते म्हणाले, "प्रत्येकानं माणसाखाली नाव लिहिलंय. हिचं राहिलंय."

बाईंनी त्यांच्याकडं रागानं बघितलं. सर्जेराव दारातून दोन पावलं आत आला.

मयुरीनं खडू उचलला. उजव्या हातात. अंगठा आणि दोन बोटं, बाकीची दोन अर्धवट वळलेली. शेवई धरावी तसा हलका धरला आणि फळ्यावर टेकवला. 'मा'. मग बराच वेळ थांबली, हवेत बोट फिरवून बघितलं, जसं पिठाच्या अक्षरावर फिरवायची. 'व'. मग 'शी', वेलांटी पार बाभळीपर्यंत गेलेली.

सर्जेरावानं डोक्यावरची टोपी काढली. बाईंना म्हणाला, "दिवाळी झाली की हिला कवा धाडायची, त्ये सांगा." आणि डोळे पुसत बाहेर गेला.

मंगल उठली. बायकांतून वाट काढत सरळ माझ्यापुढं आली. मला वाटलं आता काय बोलते. तिनं माझ्या हातातली किटली काढून खाली ठेवली, फडकं सोडलं आणि माझा हात उलटा करून बघितला. ते बोट सरळ करून बघितलं. होत नव्हतंच.

"हिवाळ्यात दुखत असंल," ती म्हणाली.

"दुखतं."

"मग सुट्टी संपली की पीठ मळाया मी येत जाते. तुम्ही नुसती बोटं उमटवा."

मी 'ये' म्हणाले.